पानामागच्या होड्या

गजा गेल्याची बातमी आली तेव्हा मी पुण्याहून आलेल्या सहा पाहुण्यांना देवमासा दाखवत होतो. देवमासा समुद्रात नव्हता, माझ्या तोंडात होता. तारकर्लीला माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो, आणि खोली, मासळीचं जेवण, सोलकढी यांच्याबरोबर एक गोष्ट त्यांना ऐकावीच लागते. त्या सकाळी देवमाशाने आमच्या आजोबांना होडीसकट गिळलं होतं, आजोबा त्याच्या पोटात मांडी घालून विडी ओढत होते, आणि तो धूर बाहेर कुठून आला हे मी सांगणार एवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडे मीनल, गजाची मुलगी. "दिगूकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी फोन खिशात टाकला. पाहुणे विचारू लागले, मग आजोबांचं काय झालं... आणि मला काही सांगताच येईना. आजोबांना देवमाशाच्या पोटात तसंच ठेवून मी उठलो. अजून ते तिथेच आहेत. दीड महिना झाला, मला त्यांना बाहेर काढणं जमलेलं नाही.

हा लेख मी तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा उठून पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, चक्कर मारून आलो. बसवत नाही. सरळ सांगायचं तर गजाबद्दल लिहिताना मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि कबूल करणं हा माझा धंदा नाही. धंदा उलटा आहे.

गजानन धुरी पहिलीपासून माझ्या बाकावर. मी बोलायचो आणि तो खरं-खोटं करायचा. पाटी का आणली नाहीस असं मास्तरांनी विचारल्यावर मी सांगितलं की वाटेत एक कुर्ली आली, सुपाएवढी, तिनं पाटी नांगीत धरली आणि खाडीत उतरली. मास्तर विचारात पडले होते, शपथेवर सांगतो. गजा उभा राहिला आणि म्हणाला, "कुर्ली होती गुरुजी. पण ती मुठीएवढी होती. आणि पाटी ह्याच्या घरात आसा." त्या दिवशी मी मार खाल्ला आणि सुटल्यावर तो गजाला दिला, आणि तिथून आमची मैत्री पक्की झाली. माझ्या प्रत्येक गोष्टीतलं खरं तेवढं तो वेगळं काढायचा, माशातला काटा काढावा तसं. मासा मला ठेवायचा, काटा तो घेऊन जायचा.

पुढे तो सरकारी कार्यालयात कारकून झाला. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला त्याची मालवणातून सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे आमच्या भाषेत ओरोसला बदली झाली आणि अभिलेखाची खोली त्याच्या ताब्यात आली. त्या खोलीत ओल इतकी की पावसाळ्यात फायलींना पालवी फुटायची. यात मी वाढवून सांगत असेन तर थोडंच, कारण खोलीच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीतून खरोखरच झाडं उगवली होती. फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसती कातरलेली पानं, आणि कोवळं पान उलगडण्याआधी गोगलगाईसारखं गुंडाळलेलं. साहेबांनी शिपायाला सांगितलं, उपटून टाक. गजा मध्ये पडला. म्हणाला, साहेब, हे काय आहे त्याची आधी नोंद करू, मग उपटू. नोंद झाल्याशिवाय काही फेकायचं नाही, हा कार्यालयाचा नियम. साहेबांना नियमाविरुद्ध बोलता येईना. गजा आठवडाभर विचारत फिरला, शेवटी कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनी सांगितलं की हे नेचे. एकाच भिंतीत चार जातींचे. साहेबांची बदली होईपर्यंत त्या चौघांची नोंद काही पुरी झाली नाही, आणि पुढचे साहेब आले तेव्हा भिंत हिरवीगार होती.

झालं. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसांत कुणाला भजनाचं वेड लागतं, कुणाला जमिनीच्या वादाचं. गजाला नेच्यांचं लागलं. लांब रुंद सरकारी नोंदवही घेतली, तिच्यात रकाने आखले. अनुक्रमांक, ठिकाण, उंची, देठ, पानामागची खूण, आणि शेवटचा रकाना 'पाहणारा'. त्या रकान्यात तो प्रत्येक वेळी 'स्वतः' असं लिहायचा. मी म्हटलं, अरे मेल्या, वही तुझी, अक्षर तुझं, मग दर ओळीला स्वतः स्वतः कशाला... तर म्हणाला, रकाना आहे म्हटल्यावर भरायला पाहिजे. आणि नेच्यांविषयी बोलताना तो मालवणी सोडून कार्यालयातली मराठी बोलायचा. बांगड्याचे भाव विचारताना "कसो दिलंस गो" म्हणणारा हा माणूस नेचा दिसला की "सदर वनस्पती" म्हणू लागायचा. बाजारातल्या बायका हसायच्या.

त्याचा एक मंत्र होता. पान वरून बघू नका, उलटून बघा. मोठे नेचे वरून सगळे सारखेच दिसतात, तुम्ही आणि मी त्यांना 'रानातलं ते हे' म्हणून मोकळे होतो. पण पान उलटलं की त्याच्या पाठीवर तपकिरी बीजुकं असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. खाडीच्या चिखलात पुरुषभर उंच वाढतो त्याच्या वरच्या पानांची पाठ अख्खी तपकिरी, मखमल लावल्यासारखी. रस्त्याच्या कापीवर, म्हणजे रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर, आणि ओहोळाच्या काठावर जो मोठा नेचा दिसतो, ज्याचं कोवळं पान तांबूस असतं, त्याच्या पानामागे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ रेघा, आखणीनं ओढल्यासारख्या. तिसऱ्या एकाची बीजुकं पानाच्या अगदी कडेला, शिवण घातल्यासारखी. मखमल, रेघा, शिवण. एवढं पाठ केलंत तर निम्मं रान तुमच्या ओळखीचं झालं. गजाला ही सवय इतकी जडली की लग्नाच्या पंगतीत बसला तरी जेवण वाढायच्या आधी केळीचं पान उलटून बघायचा. सासरची माणसं म्हणत, जावई शिकलेला आहे, पण पान कुठल्या बाजूनं मांडायचं ते त्याला कळत नाही.

देवाच्या रायीत, म्हणजे देवराईत, मात्र पंचाईत. आमच्याकडे रायीतलं पानसुद्धा देवाच्या कौलाशिवाय तोडत नाहीत, आणि खांद्याएवढ्या नेच्याचं पान उलटायला गेलं तर मोडतं. तेव्हा गजा काय करायचा, तर छत्री बाजूला ठेवून सरळ उताणा झोपायचा आणि पाठीवर सरकत नेच्याखाली शिरायचा, बंद पडलेल्या एसटीखाली मेकॅनिक शिरतो तसा. फक्त दोन चपला बाहेर. एकदा एका आजीबाईंनी रायीत नुसत्या चपला बघितल्या आणि देव माणूस गिळतो अशी बोंब उठवली. ती गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा चपलांचे सोळा जोड असतात.

मी त्याच्याबरोबर हिंडायचो ते गोष्टींच्या लोभानं. दोन-चार वर्षांनी आम्ही एकदा घाटात गेलो होतो. जळवा इतक्या की माझ्या अंगातलं रक्त संपलं आणि त्या शेवटी चहा मागायला लागल्या. तिथे एका घळीत, वरून पाणी ठिबकतंय अशा अंधारात गजा थांबला आणि मागे हात करून त्यानं मला थांबवलं. समोर नेचा होता, पण नेचा म्हणवणार नाही. मनगटाएवढे देठ, आणि एकेक पान असं की त्याखाली आम्ही दोघं कोरडे उभे राहिलो. इंग्रजीत त्याला राक्षसी नेचा म्हणतात, शास्त्रीय नाव त्यानं मला सतरा वेळा सांगितलं आणि मी अठरा वेळा विसरलो. गजा त्याला 'दांडगा' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं माझ्याकडून दांडग्याच्या खुणा घोकून घेतल्या. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना जाड मांसल कान. बाजूची फांदी जिथे देठाला मिळते तिथे सूज, बोटाच्या पेरासारखी. बुडाशी तपकिरी खवल्यांचा झुपका नाही. आणि पानामागे... पानामागे बघून तो जरा अडला. काठाच्या आतल्या अंगाला लांबट ठिपके होते, एकाला एक लागून, प्रत्येकात दाण्यांच्या दोन ओळी. म्हणाला, दिगू, हे कसं लिहू. मी म्हटलं, त्यात काय, पुळणीवर ओढून लावलेल्या होड्या. पावसाळ्यात आमच्या वाडीत असतात तशा, पाण्याकडे तोंड करून, ओळीनं. गजानं परत वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि वहीत लिहिलं, 'होड्यांप्रमाणे'. त्या अख्ख्या सरकारी वहीत माझा असा तो एकच शब्द.

हा दांडगा खाली, आपल्या तालुक्यात कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. सरांनीच तसं सांगितलं होतं. गजाच्या डोक्यानं घेतलं की पूर्वी असणार, आणि जिथे कुऱ्हाड कधी लागली नाही आणि पाणी कधी आटलं नाही अशा एखाद्या रायीत तो अजून असणार. मग त्याला कुणीतरी सांगितलं, तोंडवलीच्या आतल्या अंगाला कोंडीची राय म्हणून आहे, बारमाही झरा, दुपारी बाराला संध्याकाळ, आणि झऱ्यावर एक नेचा आहे ज्याखाली गाय उभी राहते. गजा दिवाळीनंतर जाणार होता. दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत दुखलं.

डॉक्टरांनी चढ-उतार बंद केले, प्रवास बंद केला, मीठ बंद केलं. मालवणी माणसाला मीठ बंद म्हणजे अर्धी काशी. गजा ओरोसच्या क्वार्टरमध्ये खाटेवर पडला आणि मी दर आठवड्याला एसटीनं त्याला बघायला जाऊ लागलो. थाळी तशीच सरकवून द्यायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, दरवाजात उभी राहून माझ्याकडे बघायची, म्हणजे काहीतरी सांग आणि ह्यांना दोन घास खायला लाव. मी आजोबांना सगळ्या समुद्रांत बुडवून काढलं. गजा ऐकायचा आणि शेवटी एकच विचारायचा, कोंडीच्या रायीत जाऊन येशील का. शेवटी मी म्हटलं, जातो.

आता नीट ऐका. मी गेलो. इथपर्यंत सगळं खरं आहे. रायीच्या तोंडाशी देवाचा पाषाण आणि तिथे सोमा गुरव. आत जायचं तर कौल घ्यायला हवा. गुरवानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. "कोणाच्या नावान?" त्यानं विचारलं. मी आपला सरळ, जो माणूस बघणार त्याचं नाव सांगावं म्हणून गजाचं नाव सांगितलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, लेकराक बघूक जावचा आसा म्हाराजा... आणि त्याचे शब्द संपायच्या आत डावी कळी पडली. अशी पटकन कळी पडलेली मी कधी बघितली नाही. गुरव माझ्याकडे न बघता म्हणाला, "देव नाय म्हणता."

वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, मग काय झालं, जायचं होतं आत. आमच्यात तसं जात नाहीत. माणसांना मी जन्मभर बनवलं, पण देवाच्या वाटेला गेलो नाही. होडी पाण्यात घालताना ज्या कौलावर आम्ही विश्वास ठेवतो, तो कौल नेच्यापुरता खोटा कसा धरायचा. पण मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. कौल गजाच्या नावानं घेतला होता. छातीच्या दुखण्यानं पडलेल्या माणसाला जाऊन सांगायचं, तुझ्या नावानं मागितलं आणि देवानं नाही म्हटलं... गजाही आमच्यातलाच. त्यानं त्यातून काय घेतलं असतं ते मला कळत होतं. परतीच्या एसटीत मी तीनदा जागा बदलली. कंडक्टरनं विचारलं, बसायला काय टोचतंय का.

खाटेजवळ गेलो तेव्हा गजा उशीला टेकून बसला होता आणि वही मांडीवर तयार. मी म्हटलं, आसा.

त्यानं मालवणी सोडली. पेनचं टोपण काढलं आणि चौकशी अधिकाऱ्यासारखा विचारू लागला.

"देठाच्या बुडाशी काय होतं?"

"कान. दोन्ही बाजूंना. जाड."

"खवले?"

"नाहीत."

"फांदी देठाला मिळते तिथे?"

"सूज. पेरासारखी."

"पान उलटून पाहिलंस?"

"खाली झोपलो. पाठ भिजली माझी."

"काय दिसलं?"

"होड्या," मी म्हटलं. "काठाला लावलेल्या."

त्यानं डोळे मिटले. मग एक डोळा उघडला आणि विचारलं, उंची किती. ही खरी परीक्षा होती. जिभेवर चार माड आले होते. मी ते गिळले. म्हटलं, माझ्यापेक्षा हातभर जास्त. गजा हसला आणि एकदम मालवणीत आला. "मगे खरा आसा," म्हणाला. "माडाएवढो म्हणाला असतंस तर वही बंद केली असतंय." जन्मात पहिल्यांदा मी कमी सांगितलं आणि म्हणून पकडला गेलो नाही. ज्या खुणा त्यानं मला घाटात घोकून दिल्या होत्या त्याच मी त्याला एकेक करून परत केल्या. थाप मारायला मला सामान त्यानंच पुरवलं होतं. त्यानं नोंद लिहिली आणि शेवटच्या रकान्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, 'स्वतः' न लिहिता माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शाईवर फुंकर घालून त्यानं वही मिटली आणि वहिनीला हाक मारून म्हणाला, काय केलंस जेवायला.

त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ही नोंद दाखवायचा. चेहऱ्यावर रंग आला होता. मला वाटलं, जिंकलो. वाटलं, बरा होईल, स्वतः जाईल, सापडला नाही तर हसून म्हणेल, गुरुजी, कुर्ली होती पण मुठीएवढी. माझा सगळा हिशेब तो बरा होण्यावर होता... आणि तो बरा झाला नाही.

शोकसभेत कॉलेजचे सर बोलले. धुरींची नोंदवही आम्ही पुस्तिका म्हणून छापणार आहोत, म्हणाले. एका कारकुनानं स्वतःच्या डोळ्यांनी केलेलं काम, एकही ऐकीव नोंद नाही. आणि शेवटची नोंद तर आपल्या तालुक्याला भूषण आहे, कारण हा नेचा इथे पहिल्यांदाच. मग त्यांनी माझ्याकडे हात केला, आणि लोकांनी, शोकसभेत, टाळ्या वाजवल्या. मला शाळेतला मार आठवला. तो बरा होता.

तेव्हापासून माझं हे असं. पाहुणे आले की मी गोष्ट सुरू करतो आणि अर्ध्यात उठून अंगणात जातो. मालवणच्या बाजारात गेलो तर मासळी न घेता परत येतो. एकदा वाटायचं, गप्प बसावं. गजा खुशीत गेला, वहीला मान मिळाला, कोण जातंय कोंडीच्या रायीत खवले बघायला. लगेच वाटायचं, ज्या माणसानं मुठीएवढ्या कुर्लीला मुठीएवढीच म्हटलं त्याच्या नावानं माझी थाप छापून येणार. त्याची साठ-सत्तर पानं खरी, आणि त्या खऱ्याच्या जोरावर माझं एक खोटं खपणार. मी जन्मभर गोष्टी सांगितल्या, पण त्या माझ्या नावावर होत्या. ऐकणाऱ्याला ठाऊक होतं, बोलतोय कोण.

गेल्या आठवड्यात मी परत कोंडीच्या रायीत गेलो. गुरवानं विचारलं, "कोणाच्या नावान?" मी म्हटलं, माझ्या. त्यानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही दोघं उभे राहिलो. काही पडेना. वाऱ्यानं पडेल म्हटलं तर त्या रायीत वारा नाही. माझे पाय दुखायला लागले. मग उजवी कळी सुटली. गुरव म्हणाला, "जा. पण काय मोडू नको."

आत गेलो. झरा होता, काळोख होता, आणि झऱ्याच्या अंगाला नेचा होता. मोठा. होता. खरंच होता. मला वाटलं, देवानं आणि गजानं मिळून मला माफ केलं, माझी थाप मागून खरी करून ठेवली. मी गुडघ्यावर बसलो आणि बुडाशी साचलेली पानं हळूच बाजूला केली. कान नव्हते. काळपट तपकिरी खवल्यांचा दाट झुपका होता. तरी मी म्हटलं, पाठ बघितल्याशिवाय नोंद नाही. छत्री बाजूला ठेवली, उताणा झालो आणि पाठीवर सरकत आत शिरलो. या वेळी पाठ खरी भिजली. वर बघितलं... प्रत्येक पानाला मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा. सरळ. एकही होडी नाही. रस्त्याच्या कापीवर उगवतो तोच, फक्त सावलीत आणि पाण्यात चांगला पोसलेला. मी तसाच पडून राहिलो. मग उठून झऱ्याच्या दोन्ही काठांनी जिथवर जाता आलं तिथवर गेलो आणि परत आलो. दांडगा नव्हता. बाहेर गुरवानं विचारलं, सापडला काय. मी म्हटलं, नाही. हा एवढा लहान शब्द मी फार कमी वेळा वापरला आहे, तो तोंडात बसेना.

तिथून तडक ओरोस. क्वार्टर सोडायची म्हणून वहिनीनं अर्धं सामान बांधलं होतं, आणि गजाच्या खोलीत मीनल कॉम्प्युटरवर वही उतरवून घेत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कौल, डावी कळी, कान, पेर, होड्या, सगळं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान गोष्ट ती.

मीनलचे हात थांबले. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं? सर म्हणाले, या एका नोंदीसाठी पुस्तिका छापायला पैसे मिळतायत." आणि मग तिचा आवाज फुटला. बाबांचं एवढं एकच लोकांच्या लक्षात राहणार होतं, असं काहीतरी म्हणाली. दीड महिना मी तेच स्वतःला सांगत होतो.

वहिनी भांड्यांना कागद गुंडाळत होती. तिनं ते भांडं पुरं गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि विचारलं, "भावजीनू, कौल तेंच्या नावान घेतलात?"

मी मान हलवली.

"मगे तेंका नाय सांगलात ता बरा केलात," ती म्हणाली. दुसरं भांडं खोक्यात ठेवत म्हणाली, "त्या दिवशी ते पोटभर जेवले. मागून भात घेतल्यानी. तुमची थाप जेवणाक लागली, तिचा माका काय वायट वाटणा नाय." तिनं मीनलच्या टेबलावरची वही उचलली, शेवटचं पान काढलं आणि माझ्यापुढे धरली. "पण वहीत ती नको. वही तेंची आसा. तुमीच लिवा, तुमचा नाव आसा थंय."

खाट काढून टाकली होती. बसायला गजाची कार्यालयातून आणलेली जुनी खुर्ची होती, तिच्यावर बसलो. मीनलनं पेन दिलं. मी गजाच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, कारण तो तशीच मारायचा. मग खाली लिहिलं. ठिकाण, कोंडीची राय. बुडाशी खवले आहेत, कान नाहीत. पानामागे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रेघा. शेवटच्या रकान्यात लिहिलं, स्वतः. उंचीचा रकाना राहिला होता. तिथे लिहिलं, माझ्या खांद्याएवढी.

वहिनी पाठीमागून वाचत होती. "खांद्याएवढी?" तिनं विचारलं.

मी पेन उचललं. त्या काळोखात मी त्याच्याजवळ उभा राहिलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला, वाकण्याच्या आधी, पान नेमकं कुठे टेकलं होतं ते. मग ते खोडलं आणि लिहिलं, खांद्याच्या चार बोटं खाली.